बालशिक्षण : कोसबाड प्रयोग व सेसमी स्ट्रीट

शाळेत जाण्याच्या वयापूर्वीच्या, म्हणजे सामान्यतः अडीच ते सहा वर्षांच्या मुलांना शिक्षण कसे द्यावे, हा प्रश्न विसाव्या शतकात दोन सर्वस्वी भिन्न समाजांत जवळजवळ सारख्याच स्वरूपात उभा राहिला. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात १९४५ पासून ताराबाई मोडक यांनी त्याला हात घातला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६६ पासून जोन गँझ कूनी या दूरचित्रवाणी-निर्मातीने. दोघींच्या डोळ्यांपुढे दरिद्री कुटुंबातील मूल होते. असे मूल पहिल्या इयत्तेत येते तेव्हाच ते इतरांच्या मागे पडलेले असते आणि पुढे बहुधा शाळाच सोडते, हे दोघींनाही दिसत होते. ताराबाईंनी बालवाडी मुलाच्या दारातील अंगणात नेली; कूनी यांनी ती घरातील दूरचित्रवाणी-संचात नेली. पहिल्या प्रयोगातून ‘अंगणवाडी’ हा शब्द व ती संस्था भारतभर पसरली. दुसऱ्यातून ‘सेसमी स्ट्रीट’ हा बाहुल्यांचा व पाहुण्या कलावंतांचा, पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेला बालकार्यक्रम निर्माण झाला. पुढे भारतात या दोन्ही वाटा एकमेकींना मिळाल्या.

कोसबाड हे घोलवड व बोर्डी या गावांच्या परिसरातील टेकडीवर वसलेले स्थळ असून १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात बागायती व व्यापार, तर पूर्वेकडे तलासरीपर्यंत डोंगराळ जंगलपट्टी व त्यात विखुरलेले वारली, कोकणा, धोडी, दुबळा इ. जमातींचे पाडे, अशी या भागाची रचना आहे. स्वातंत्र्यापूर्वी येथील आदिवासी सावकार व जमीनदार यांच्या वेठबिगारीत अडकले होते. लग्नासाठी कर्ज काढून त्याच्या फेडीपोटी पतिपत्नींनी वर्षानुवर्षे राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ची प्रथाही येथीलच. तलासरीजवळील झरी येथे १९४५ च्या मे महिन्यात वारल्यांची परिषद भरली व शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्धचा लढा सुरू झाला. त्याच वर्षी, त्याच भागात, ताराबाईंचे काम सुरू झाले. दोन्ही कामांच्या प्रेरणा व मार्ग वेगळे होते. परंतु ज्या घरातील मोठी माणसे मालकाच्या शेतावर होती, त्याच घरातील मुले धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन किंवा गुरांमागे रानात होती, ही वस्तुस्थिती दोन्हींच्या मुळाशी होती.

ताराबाई (१८९२–१९७३) या मुंबईतील प्रार्थनासमाजी कुटुंबातील पदवीधर. राजकोट येथील बार्टन महिला प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. माँटेसरी पद्धतीचे भारतीय रूप घडविण्याचे काम या दोघांनी तेथे केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. शिशुविहार यशस्वी झाले, पण तेथे येणारी मुले मध्यमवर्गीयांची होती. बालशिक्षणाची सर्वांत अधिक गरज ज्या मुलाला आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही, हे शल्य घेऊन ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीस आल्या व त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एका स्थिरावलेल्या कार्याकडे पाठ फिरवून खेड्यात नव्याने आरंभ करण्याचा हा निर्णय त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. बोरिवली येथील ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांना अनुताई वाघ (१९१०–९२) भेटल्या. पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला होता व सहा महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. पुढे शिक्षण घेऊन त्या पुण्यास शिक्षिका झाल्या होत्या. त्या ताराबाईंबरोबर बोर्डीस आल्या आणि नंतर आयुष्यभर या कामातून बाहेर पडल्या नाहीत. १९५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आले.

बोर्डीस आरंभी नेहमीसारखी मध्यवर्ती बालवाडी होती. गावातील मुले तीत येत. हरिजन व आदिवासी वस्त्यांतील मुले येत नसत. त्यांना बोलावून आणण्याचे प्रयत्न फसले. मूल शाळेत का येत नाही याची चौकशी बहुतेक शिक्षणखाती करतात आणि दोष पालकांच्या अज्ञानाला देतात. ताराबाईंनी दोष शाळेच्या जागेला दिला. त्यांनी बालसेविकेलाच वस्तीवर पाठविले. एखाद्या घरापुढचे सारवलेले अंगण किंवा झाडाखालची सावली हाच वर्ग झाला. प्रथम मुलांचे हातपाय-तोंड धुणे, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ, मोजणे, चित्रे काढणे, असा क्रम असे. हे सारे उघड्यावर चालत असल्याने आया, आज्या व थोरली भावंडे कडेला उभी राहून ते पाहत. मुलाला आंघोळ घालण्याची किंवा त्याच्याशी बोलण्याची एक रीत त्यांच्याही नजरेखालून जाई. भिंतींच्या आतील बालवाडीला हा लाभ कधीच मिळाला नसता. मध्यवर्ती बालवाडीहून वेगळी ओळखू यावी म्हणून या वर्गाला ‘अंगणवाडी’ म्हणू लागले.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. माँटेसरी यांची दट्ट्यांची ठोकळेपेटी किंवा गुलाबी मनोरा ही साधने अचूक मापाची, सुताराकडून बनवून घ्यावयाची व म्हणून महाग होती. साधनामागील तत्त्व राखावयाचे आणि वस्तू बदलावयाची, असे कोसबाडचे धोरण राहिले. मोजण्यासाठी चिंचोके, बिया, खडे व शिंपले. लहानमोठेपणा व रंग यांच्या ओळखीसाठी पाने व फुले. हातांना वळण लागण्यासाठी माती, बांबू व दोरा वापरात आले. देशातील बालसेविका-प्रशिक्षणांतून पुढे रूढ झालेली चिंध्यांची हातबाहुली व काठीवरची बाहुली याच विचारात बसणाऱ्या आहेत. अशी बाहुली मोडली तर बालसेविकेला दुसरी करता येते. शहरातून साधन मागवावे लागणाऱ्या शाळेत ते मोडेल या भीतीने कपाटात राहते. खर्चाची बचत एवढाच या साधनांचा अर्थ नव्हता. मुलाच्या घरची वस्तू शाळेत मानाने वापरली जाते, हे त्या मुलाला दिसत होते. भाषेच्या बाबतीत मात्र वाट इतकी सरळ नव्हती. वारली मुलाची बोली आणि पाठ्यपुस्तकातील मराठी यांत अंतर होते, आणि बालसेविका मुलाची बोली समजणारी असली तरच गाणे आणि गोष्ट पहिल्या दिवसापासून पोहोचत. म्हणून स्थानिक मुलींनाच प्रशिक्षण देण्यावर केंद्राने भर दिला.

अंगणवाडीने सहा वर्षांपर्यंतच्या मुलाची सोय झाली. परंतु त्याहून मोठे मूल गुरांमागे असे. त्यासाठी शिक्षकच रानात जाऊ लागले आणि ‘कुरणशाळा’ निर्माण झाली. पाळण्यातील भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला शाळेत आणावयाचे तर भावंडाचीही व्यवस्था हवी. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांच्या निधनानंतर केंद्राची धुरा अनुताईंकडे आली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्यांनी या वर्षांचे अनुभव लिहिले आहेत. १९८२ मध्ये अनुताई व रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था काढली आणि डहाणू भागातील आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग पुढे चालू ठेवले.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. तेथे पन्नाशीच्या दशकात बहुसंख्य घरांत दूरचित्रवाणी-संच आला होता. ‘हाउडी डूडी’ (१९४७–६०), ‘कुक्ला, फ्रान अँड ऑली’ (१९४७–५७), ‘कॅप्टन कँगरू’ (१९५५–८४) इ. बाहुल्यांचे कार्यक्रम मुलांच्या आवडीचे होते. पण त्यांपैकी बहुतेकांचा हेतू रंजनाचा, आणि खाजगी वाहिन्यांवर जाहिरातीचाही, होता. शासनाने १९६५ मध्ये गरीब मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ ही पूर्वप्राथमिक योजना सुरू केली, तरी तिचा लाभ थोड्यांनाच मिळू शकत होता. फेब्रुवारी १९६६ मध्ये कूनी यांच्या न्यूयॉर्कमधील घरी भोजनास आलेले कार्नेगी प्रतिष्ठानाचे मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉरिसेट यांनी आपल्या लहान मुलीचे दूरचित्रवाणीचे वेड सांगितले व या माध्यमातून काही शिकविता येईल काय, असे विचारले. त्यातून १९६८ मध्ये चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप ही संस्था (२००० पासून सेसमी वर्कशॉप) स्थापन झाली. शासन व प्रतिष्ठाने यांच्याकडून सु. ८० लक्ष डॉलर उभे राहिले. १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’चा पहिला भाग सार्वजनिक वाहिन्यांवरून प्रक्षेपित झाला.

कार्यक्रमाची घटना साधी होती. जुन्या घरांच्या एका शहरी गल्लीत निरनिराळ्या वर्णांची माणसे व काही बाहुल्या शेजारी राहतात. मध्येमध्ये अक्षरे व अंक शिकविणारे छोटे चित्रपट येतात. अक्षरे शिकविण्यासाठी जाहिरातीचे तंत्र उघडपणे उचलले होते : लहान, चटकदार आणि पुनःपुन्हा येणारा तुकडा. बाहुल्या जिम हेन्सन (१९३६–९०) यांच्या होत्या. कोकणातील पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या वरून दोऱ्यांनी हलवितात. हेन्सन यांची बाहुली हातमोज्यासारखी खालून घातली जाते, अंगठा तिचा खालचा जबडा आणि बोटे वरचा जबडा होतात. त्यांनी बाहुलीनाट्याचा पडदा व मंच काढून टाकला आणि कॅमेऱ्याची चौकट हाच मंच केला. कलावंत चौकटीखाली हात उंच धरून उभा राहतो व प्रेक्षकाला काय दिसते ते पायाशी ठेवलेल्या छोट्या पडद्यावर पाहून बाहुली हलवितो. आठ फुटांहून उंच असा ‘बिग बर्ड’ पक्षी मात्र कॅरोल स्पिनी (१९३३–२०१९) हा कलावंत अंगावर चढवीत असे. त्याचा उजवा हात डोक्याच्या वर, पक्ष्याच्या चोचीत असे आणि दृश्य दाखविणारा छोटा संच छातीशी बांधलेला असे.

हार्व्हर्डचे जेरल्ड लेसर हे सल्लागार मंडळाचे प्रमुख व एडवर्ड पामर हे संशोधन-प्रमुख होते. प्रत्येक तुकडा प्रक्षेपणापूर्वी मुलांना दाखवून पाहणे, ही या कार्यक्रमाची खरी नवी गोष्ट. पामर मुलापुढे संच ठेवीत आणि शेजारी दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रे दाखवीत. मुलाची नजर संचावरून कोणत्या क्षणी हटते याची नोंद होई. बालमानसशास्त्रज्ञांनी असा सल्ला दिला होता, की खरी माणसे व बाहुल्या एकाच दृश्यात आणू नयेत, मुलांचा गोंधळ होईल. जुलै १९६९ मध्ये फिलाडेल्फियातील चाचणीत उलट दिसले. बाहुल्या असेतो मुले पाहत होती व केवळ माणसांचे दृश्य लागले की नजर वळत होती. तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून बिग बर्ड व कचऱ्याच्या डब्यात राहणारा चिडखोर ऑस्कर यांना गल्लीत आणले गेले. मुलाकडे पाहून पद्धत बदलणे हा गुण येथे कोसबाडशी जुळतो.

पाहुण्यांचा उपयोगही विचारपूर्वक केला जाई. जेम्स अर्ल जोन्स या भारदस्त आवाजाच्या नटाने इंग्रजी मुळाक्षरे फार सावकाश, प्रत्येक अक्षरापूर्वी थांबून म्हटली. मुले प्रथम त्याच्याबरोबर म्हणत. पुन्हा दाखविल्यावर तो उच्चारण्यापूर्वीच सांगू लागत. स्टीव्ही वंडर हा अंध कृष्णवर्णीय गायक १९७३ मध्ये गल्लीत येऊन गायिला. मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी आयोगाने १९७० मध्ये मिश्रवर्णीय पात्रांमुळे कार्यक्रम रोखला होता व टीकेनंतर काही आठवड्यांत निर्णय फिरविला, ही पार्श्वभूमी लक्षात घेता कोण पाहुणा बोलावला जातो, यालाही शैक्षणिक अर्थ होता. दुकानदार मि. हूपरची भूमिका करणारा विल ली १९८२ मध्ये मरण पावला, तेव्हा नवा नट न घेता १९८३ च्या एका भागात हूपर वारला असे सरळ सांगण्यात आले. ‘गावाला गेला’ असे सांगून मुलांची समजूत घालण्याची रीत सर्व समाजांत आहे. ती मोडण्याचे धैर्य या भागाने दाखविले.

गरीब मूल यातून किती शिकले, याविषयी मात्र मतभेद झाले. सॅम्युएल बॉल व गेरी अ‍ॅन बोगाट्झ यांच्या १९७० व १९७१ च्या अहवालांनी असे दाखविले, की जी मुले कार्यक्रम अधिक पाहतात ती अक्षर-अंक अधिक शिकतात. टॉमस कुक व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये हीच सामग्री पुन्हा तपासली. अभ्यासातील काही कुटुंबांकडे संशोधकांचे कार्यकर्ते वारंवार जात, मुलाने कार्यक्रम पाहावा म्हणून आईला उत्तेजन देत व त्यासंबंधीचे साहित्य देत. मोठी वाढ मुख्यतः अशा मुलांत दिसते. असे कोणी घरी येत नसेल तर परिणाम बराच कमी भरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिवाय कार्यक्रम सर्वांना खुला असल्याने सुस्थितीतील मुलेही तो पाहतात आणि दोहोंमधील अंतर मिटण्याऐवजी वाढण्याची शक्यता राहते, असे त्यांनी म्हटले. अलीकडे मेलिसा कर्नी व फिलिप लेव्हिन यांनी १९६९ नंतर प्रक्षेपण चांगले दिसणाऱ्या व न दिसणाऱ्या प्रदेशांची तुलना करून, चांगले दिसणाऱ्या भागातील मुले शाळेत वयानुरूप इयत्तेत राहण्याचे प्रमाण वाढले, असे दाखविले आहे. कुक यांचा मूळ मुद्दा मात्र त्यामुळे निकालात निघत नाही. मुलाशेजारी बसणारे माणूस हा परिणामाचा किती मोठा भाग आहे, हा तो मुद्दा होय; आणि कोसबाडच्या अंगणात तर त्या माणसाशिवाय दुसरे काही नव्हतेच. उलट बाजूने हेही मान्य केले पाहिजे, की पडदा एकाच दिवशी लाखो मुलांपर्यंत पोहोचतो आणि ताराबाई किंवा अनुताईंसारखी व्यक्ती प्रक्षेपित करता येत नाही.

महाराष्ट्रात दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्राने सुरू झाली. यशवंत पाध्ये यांचा ‘अर्धवटराव’ हा बोलका बाहुला त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी रंगमंचाप्रमाणेच या नव्या पडद्यावरही लोकप्रिय केला. तो प्रामुख्याने रंजनाचा प्रकार होता. उपग्रहाद्वारे शिक्षणाचा मोठा प्रयोग १९७५–७६ मध्ये सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत झाला. त्यांत महाराष्ट्र नव्हता. मराठी मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती तयार करणारी ‘बालचित्रवाणी’ ही शासकीय संस्था पुण्यास १९८४ मध्ये निघाली व २०१७ मध्ये बंद करण्यात आली. तिचा प्रेक्षक शाळेत जाणारा होता, शाळेपूर्वीचा नव्हे. हे वय हिंदीतील ‘गली गली सिम सिम’ने गाठले. ‘सेसमी स्ट्रीट’ची ही भारतीय आवृत्ती २००६ मध्ये सुरू झाली व खाजगी वाहिन्यांप्रमाणेच दूरदर्शनवरूनही दाखविली गेली. शाळेच्या गणवेशातील चमकी ही जिज्ञासू मुलगी तिची मुख्य बाहुली. मुली प्रश्न विचारतात हे दाखविणे, हा तिच्या निवडीचा हेतू होता. संच नसलेल्या वस्त्यांसाठी भाजीच्या हातगाड्यांवर दूरचित्रवाणी-संच बसवून कार्यक्रम गल्लीबोळांत नेण्यात आला आणि गाडीबरोबर मुलांशी बोलणारी माणसेही गेली. न येणाऱ्या मुलाच्या दारी आपणच जावे, हे १९४५ चे सूत्र पडद्यालाही अखेर स्वीकारावे लागले.

अंगणवाडीचे पुढे काय झाले, हा या इतिहासातील अधिक अस्वस्थ करणारा भाग आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली व तिच्या गावपातळीवरील केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव दिले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य-तपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा तिच्याकडे सोपविण्यात आल्या. आज देशात सु. १४ लक्ष अंगणवाड्या आहेत. कोणत्याही दूरचित्रवाणी-कार्यक्रमाच्या नावाचे इतके घरगुतीकरण झालेले नाही. परंतु सहा सेवांच्या यादीतील शेवटची सेवा प्रत्यक्षातही बहुधा शेवटचीच राहिली. आहार शिजविणे, वजने घेणे व नोंदवह्या भरणे यांत सेविकेचा दिवस जातो. तिला वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळते. ताराबाईंच्या अंगणवाडीत स्वच्छता व आहार हे शिक्षणाचेच अंग होते. योजनेत शिक्षण हे आहाराचे शेपूट झाले. कुपोषणाने मुले दगावणाऱ्या प्रदेशात आहाराला अग्रक्रम मिळावा हे समजण्यासारखे आहे, आणि डहाणू-तलासरी हा भागही त्या दुःखातून सुटलेला नाही. तथापि, ज्या टेकडीवरून हा शब्द निघाला तेथे त्याचा अर्थ याहून मोठा होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला व त्यातील पहिली तीन वर्षे अंगणवाडी किंवा बालवाटिका यांत घालविण्याची तरतूद केली. त्याच वर्षी मार्चमध्ये महासाथीमुळे शाळा व अंगणवाड्या बंद झाल्या. जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही घरातील व परिसरातील वस्तूंतून शिकविणारी मराठी मालिका सुरू झाली. ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी होती. त्याहून लहान मुलांच्या दारापर्यंत त्या महिन्यांत आली ती आहाराची पाकिटे घेऊन पाड्यापाड्यांतून फिरणारी अंगणवाडी सेविका.